माथेरानच्या रुळांवर खरं वाफेचं इंजिन धावू द्या: मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना खुलं पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे,
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागाहून. पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत, महिन्यातून निदान एका रविवारी, नेरळ-माथेरान मार्गावर खऱ्या वाफेच्या इंजिनाची गाडी सोडा. थेट माथेरानपर्यंत नेणं आज शक्य नसेल तर नेरळ ते जुम्मापट्टी, म्हणजे वाटेतल्या पहिल्या स्टेशनपर्यंतच सोडा. आणि त्या दिवशी नेरळची लोको शेड, म्हणजे इंजिनं ठेवायची-दुरुस्त करायची जागा, लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवा. इंजिन पेटतं कसं, पाणी कुठे भरतात, राख कशी काढतात, हे मुलांना सुरक्षित अंतरावरून दिसू दे. धावती गाडी आणि संग्रहालय एकाच जागी, एकाच तिकिटावर असावं.

मी बदलापूरला राहते. कर्जत लोकलचा डबा हेच आमच्या घराचं रेल्वेशी रोजचं नातं. जुनं नातं मात्र वेगळं आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि बार्शी लाइनवर फायरमन, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणारे, झाले. डिझेल आलं तेव्हा डिझेलवर गेले. कुर्डुवाडी-मिरज, कुर्डुवाडी-लातूर हे त्यांचं जग होतं. आता ते सत्तरीपुढे गेलेत. माझ्या मुलांनी आजोबांचं काम कधी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कुठे? ज्या रुळांवर ते चालले ते रूळच उरले नाहीत. अडीच फुटी लाइन टप्प्याटप्प्यानं रुंद झाली आणि मिरज-पंढरपूर टप्प्यावर ब्रॉडगेज आल्यावर बार्शी लाइट रेल्वेचा अध्याय संपला. लाइन रुंद झाली हे योग्यच झालं. पंढरीच्या वारकऱ्याला टपावर बसून जायला लागू नये, लातूरच्या माणसाला थेट मुंबईची गाडी मिळावी, यात वाद नाही. पण १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू केलेली, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशा हिशेबानं डबे-इंजिनं बांधलेली ती लाइन हलक्या रेल्वेच्या जगात नमुना मानली गेली होती. तिचा एक मैलसुद्धा चालता ठेवायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. माथेरानच्या बाबतीत ती वेळ अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

या मे महिन्यात आम्ही सगळे दार्जिलिंगला गेलो होतो. मी, माझे यजमान, दोन्ही मुलं आणि अण्णा. दार्जिलिंगला जाणारा माणूस पहाटे उठून टायगर हिलवर सूर्योदय पाहायला जातो. अण्णा गेले नाहीत. ते स्टेशनसमोरच्या लोको शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आम्ही परतलो तेव्हा ते तिथल्या एका फायरमनशी हिंदीत बोलत होते आणि दोघंही एका इंजिनाच्या चिमणीकडे बघत होते. 'धूर बघतोय,' एवढंच म्हणाले.

पुढच्या चार-पाच तासांत माझ्या मुलांना जे समजलं ते शाळेच्या एका सत्रात समजलं नसतं. इंजिन सकाळी एकदम चालू होत नाही. गाडी सुटायच्या कितीतरी आधी भट्टी पेटवावी लागते, पाणी हळूहळू तापू द्यावं लागतं, घाई केली तर बॉयलरच्या पत्र्यांवर ताण येतो. मग दाबाचा काटा चढतो. दार्जिलिंगच्या त्या छोट्या, 'बी वर्गाच्या' इंजिनांची पाण्याची टाकी बॉयलरवरच बसवलेली असते. कोळशाची पेटीही पुढच्या अंगाला असते आणि तिच्यावर बसून एक माणूस कोळसा फोडत राहतो. समोर दोन्ही बाजूंना वाळू टाकणारे. चढावर रूळ ओले असले, धुकं उतरलं की चाकं घसरतात. तेव्हा हे दोघं मुठीनं रुळावर वाळू सोडतात. माझ्या मुलीनं विचारलं, वाळू टाकायला मशीन का नाही? अण्णा म्हणाले, मशीन असतं, पण या माणसाला रूळ दिसतो. कुठे किती टाकायची ते त्याला कळतं.

१८८९ पासून पुढे अशी एकूण ३४ इंजिनं बांधली गेली, त्यातली पहिली ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीची. त्या घराण्यातली काही इंजिनं आजही रोज भाकरी मिळवतात. दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी ही फेरी आहे. तिकीट स्वस्त नाही, तरी डबे भरलेले. गाडी रस्त्याला खेटून जाते, दुकानातल्या माणसाशी हात मिळवता येईल इतक्या जवळून. बाटासियाच्या वळणावर ती स्वतःच्याच रुळावरून पलीकडे जाते. हे वळण १९१९ साली चढ सौम्य करण्यासाठी घातलं. तिथे गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. मग घूम, २,२५८ मीटर उंचीवरचं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. तिथे गाडी थांबते आणि त्याच तिकिटात स्टेशनवरचं संग्रहालय पाहता येतं.

मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते नेमकं इथे. संग्रहालय लहान आहे. जुने फोटो, घंटा, तिकिटं, सिग्नलची सामग्री, आवारात 'बेबी सिवोक' नावाचं छोटंसं जुनं इंजिन. हीच सगळी सामग्री एखाद्या शहरातल्या बंद खोलीत काचेमागे ठेवली असती तर माझा मुलगा दहा मिनिटांत कंटाळून मोबाइल मागायला लागला असता. इथे तो कंटाळला नाही. कारण खिडकीतून खाली बघितलं की तेच इंजिन समोर पाणी पीत उभं होतं. काचेमागच्या दिव्याचा उपयोग काय, हे त्यानं अर्ध्या तासापूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. फोटोतल्या १०० वर्षांपूर्वीच्या फायरमनच्या हातातलं फावडं आणि खालच्या फायरमनच्या हातातलं फावडं एकच आहे, हे त्यानं स्वतःहून आम्हाला दाखवलं. वस्तू आणि तिचं काम एका जागी दिसलं की मूल शिकतं.

अण्णांना त्या फायरमननं केबिनच्या पायरीजवळ उभं राहू दिलं. आत नाही, नियम आहे आणि तो बरोबरच आहे. तिथे उभ्यानं त्यांनी नातवंडांना जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहून घेतलं. कोळसा ढिगानं टाकायचा नाही. ज्वारीची भाकरी थापतो तसा पातळ आणि सगळीकडे सारखा पसरायचा, थोडा थोडा आणि सतत. काळाकुट्ट धूर निघाला तर कोळसा वाया जातोय, धूर दिसेनासा झाला तर आगीत भोक पडलंय आणि थंड हवा आत शिरतेय. चढ लागायच्या आधी पाणी भरून घ्यायचं, ऐन चढावर इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र) उघडला तर दाब उतरतो. आणि काचेच्या नळीतली पाण्याची पातळी चढ-उतारावर फसवते. इंजिन पुढे झुकलं की पाणी पुढे पळतं, मागे झुकलं की मागे. भट्टीच्या छतावर पाणी नेहमी असलंच पाहिजे. नाहीतर छतातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. प्लग वितळणं ही फायरमनची सर्वांत मोठी नामुष्की. अण्णांच्या नोकरीत ती वेळ कधी आली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

हे ज्ञान पुस्तकात मिळतं, नाही असं नाही. पण ते हातात यायला वर्षं लागतात. आज महाराष्ट्रात ते ज्यांच्या हातात आहे ती सगळी माणसं माझ्या वडिलांच्या वयाची आहेत.

आता माथेरानकडे येते.

तुम्हाला इतिहास सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी वर पोचली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये, तोही कुटुंबाच्या पैशातून. नेरळपासून सुमारे २० किलोमीटरमध्ये जवळपास साडेसातशे मीटर चढायचं, तेही दोन फुटी रुळावर, १ ला २० इतक्या तीव्र चढानं आणि इतक्या अरुंद वळणांनी की साधं इंजिन त्यात अडकून बसलं असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीकडून चार खास इंजिनं आली. या इंजिनांना तीन आस. पण पहिला आणि शेवटचा आस वळणावर आपोआप तिरपा होऊ शकेल अशी क्लिन-लिंडनर नावाची रचना त्यात होती. चाकं फिरवणारा दांडा आसाला जोडलेलाच राहतो आणि तरी चाक वळणाबरोबर वळतं. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती नुसती बघायला मिळाली तरी त्याचा दिवस सार्थकी लागावा. या इंजिनांनी ७० वर्षांहून जास्त काळ गाडी ओढली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची नियमित सेवा संपली आणि डिझेलची इंजिनं सगळा भार वाहू लागली.

चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंग्लंडमध्ये गेलं. तिथल्या हौशी लोकांनी ते जपून ठेवलं. नेरळ स्थानकात एक आहे. ही इंजिनं भंगारात गेली नाहीत, याबद्दल त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आठवा. ज्यांना बघून लोकांनी चाक्या म्हसोबा म्हणत नारळ फोडले म्हणतात, त्यांतलं एकही आज आपल्याकडे नाही. देशातली पहिली गाडी मुंबईतून सुटली आणि ती ओढणाऱ्या इंजिनाचं दर्शन मुंबईच्या मुलांना घडत नाही. हे मला फार लागतं.

पण चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन, ते देशात कुठेही असो, जेवढं सांगू शकतं त्याला मर्यादा आहे. त्याला रंग दिला, कुंपण घातलं, बाजूला फुलझाडं लावली तरी ते गरम होत नाही. त्याच्या जवळ गेलं तर तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास येत नाही. मूल त्यावर चढतं, फोटो काढतं आणि उतरतं.

सध्या एक वेगळीच पद्धत देशभर रुजतेय, तिच्याबद्दलही मनापासून बोलते. विजेच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखं बाह्यरूप द्यायचं, धुराचा आभास करायचा, शिट्टी तशी वाजवायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये अहमदाबाद-एकता नगर मार्गावर सुरू झालेली वारसा गाडी अशीच आहे. ज्यांनी ती बांधली त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. प्रवाशांना गंमत वाटत असेल तर वाटू दे. पण माथेरानला कृपया हे पुरेसं मानू नका. माझ्या मुलीनं घूमला दाबाचा काटा हलताना पाहिलाय. तिला आता खोट्या चिमणीतून निघणारा धूर दाखवला तर ती विचारणार, आग कुठे आहे? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नसेल.

आणि माथेरानला सोंगाची गरजच काय? दार्जिलिंग आणि माथेरान या दोन्ही लाइनी दोन फुटी. गेज एक, वळणांची जातकुळी एक, चढाचा स्वभाव एक. ही नुसती कागदावरची जुळणी नाही. या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं बी वर्गाचं इंजिन खरोखरच नेरळला आणलं गेलं होतं आणि कोळशाऐवजी तेलावर चालेल असे बदल त्यात केले गेले. म्हणजे हा विचार मध्य रेल्वेत आधीच झालेला आहे. मी काही नवीन मागत नाही. तुमच्याच पूर्वसुरींनी सुरू केलेलं काम पुढे न्या, एवढंच मागते.

आक्षेप येतील. त्यातले काही खरे आहेत.

सर्वांत गंभीर आक्षेप जंगलाचा. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वर मोटारींना बंदी आहे आणि ती असावीच. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, कोळशाच्या इंजिनाची एक ठिणगी पुरते. मी या भागात राहते, वणवा लागलेला डोंगर रात्री कसा दिसतो ते मला माहीत आहे. म्हणून कोळसा नको, तेल चालेल. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेच्या 'एक्स वर्गाच्या' इंजिनांनी मेट्टुपालयम ते कुन्नूर हा बराचसा दातेरी रुळांचा, १ ला १२ चढाचा रस्ता तेलावर चढून दाखवलाय. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात आपल्याच कामगारांनी अलीकडच्या काळात या वर्गाची नवी इंजिनं बांधली. म्हणजे नवीन बॉयलर, नवीन सिलिंडर देशात होतात, विलायतेवर अवलंबून राहायला नको. शिवाय मी महिन्यातल्या एका रविवारचं बोलतेय. जुम्मापट्टीपर्यंतच गाडी गेली तर वरच्या दाट झाडीत ती शिरणारही नाही. पावसाळ्यानंतर गवतात ओल असते त्या महिन्यांपासून सुरुवात करा. उन्हाळ्यात वन खात्याचं मत घेऊन ठरवा.

दुसरा आक्षेप रुळांचा. ही लाइन नाजूक आहे हे कोण नाकारेल? २६ जुलै २००५ च्या पावसानं ती पार उखडली, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१६ मध्ये गाडी घसरल्यावर बंद पडली. २०१९ च्या पावसानं पुन्हा वाहून गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी परत वर गेली. दर वेळी लोक म्हणाले, आता ही संपली. दर वेळी तुमच्या माणसांनी ती उभी केली. ट्रॅकमन, गँगमन, कडे धरून भिंती बांधणारे मजूर, यांनी काय केलंय ते आम्ही खालून बघत होतो. त्या लोकांबद्दल मला इतका आदर आहे की त्यांच्या रुळांवर भार पडेल असं काही मी मागणार नाही. बी वर्गाचं इंजिन जेमतेम १५ टनांच्या आसपासचं. तुमचे अभियंते मोजमाप करून सांगतील ते अंतिम.

तिसरा आक्षेप पैशाचा. एक इंजिन वाफेवर ठेवायचं म्हणजे बॉयलरची ठरावीक काळानं तपासणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, नळ्या बदलणं, वॉशआउट म्हणजे बॉयलर आतून धुऊन काढणं. हे स्वस्त नाही आणि यातून नफा होईल असंही मी म्हणत नाही. पण दार्जिलिंगचे भरलेले डबे मी पाहिलेत. माथेरानच्या पायथ्याशी तर मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आहेत. लोकलनं नेरळला उतरायचं, शेड बघायची, जुम्मापट्टीला जाऊन यायचं, संध्याकाळी घरी. मुक्काम नाही, हॉटेल नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाला, आजी-आजोबांना घेऊन, एका दिवसात परवडणारी अशी सहल मुंबई परिसरात किती आहेत? तिकीट वाजवी ठेवा, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी एक डबा राखून ठेवा, आणि बाकीच्या डब्यांना पूर्ण दर लावा. लोक देतील. जुम्मापट्टीच्या आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बायकांनाही त्या रविवारी करवंदं, जांभळं, काकड्या विकता येतील. त्यांना स्टेशनवर बसायला हक्काची जागा आधीच ठरवून द्या, नंतर हुसकावून लावू नका.

चौथा आक्षेप कुणी मांडणार नाही, पण मला वाटतं खरी अडचण तीच आहे. माणसं. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये थांबली. त्या वर्षी पंचविशीत असलेला फायरमनसुद्धा आज पन्नाशीच्या पुढे आहे. अनुभवी ड्रायव्हर, बॉयलरमेकर, फिटर हे सगळे अण्णांसारखे, सत्तरी ओलांडलेले. इंजिन उद्या दुरुस्त करता येईल, दहा वर्षांनीही करता येईल. ही माणसं दहा वर्षांनी नसतील. परळच्या कारखान्यातले, कुर्डुवाडीच्या कारखान्यातले निवृत्त कामगार अजून कल्याण, डोंबिवली, कुर्डुवाडी, सोलापूर, भुसावळच्या चाळींत आणि सोसायट्यांत राहतात. त्यांना कुणी बोलावत नाही. तुमच्याकडे पेन्शनची यादी आहे. त्या यादीतून वाफेवर काम केलेल्यांना पत्र पाठवा. नेरळला बोलवा. त्यांच्याशेजारी तुमचे आजचे तरुण लोको पायलट आणि कर्जत-अंबरनाथच्या आयटीआयची चार मुलं उभी करा. बोललेलं रेकॉर्ड करा, मराठीत.

हौशी माणसांनी जुनी रेल्वे चालती ठेवल्याचं जगातलं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे वेल्समधली टॅलिलिन रेल्वे. १८६५ ची पाटीच्या दगडाची खाण-लाइन बंद पडणार होती, तेव्हा लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी संस्था काढली आणि १९५१ पासून हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. तिकीट फाडणारे, झाडं तोडणारे, फायरमन, सगळे स्वयंसेवक. आपल्याकडे रेल्वे सरकारी आहे, प्रवाशाच्या जिवाची जबाबदारी तुमची आहे. त्यामुळे इंजिन स्वयंसेवकांच्या हाती द्या असं मी म्हणणार नाही. पण संग्रहालयात माहिती सांगायला, मुलांना रांगेत उभं करायला, पितळ घासायला, जुनी कागदपत्रं लावायला आम्ही येऊ. माझ्या ओळखीतच अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचे वडील, सासरे, काका रेल्वेत होते. ते रविवार द्यायला तयार आहेत. यासाठी एक रीतसर योजना काढा, ओळखपत्र द्या, सुरक्षेचं प्रशिक्षण द्या.

संग्रहालयाबद्दल आणखी थोडं, कारण ते करताना घाई होते आणि मग ते तसंच राहतं. पीरभॉय कुटुंबाची गोष्ट तिथे मोठ्या अक्षरात असू द्या. मुंबईच्या एका बोहरा व्यापाऱ्यानं आणि त्याच्या मुलानं हा डोंगर रुळांनी बांधला, हे या परिसरातल्या किती शाळांत सांगितलं जातं? त्याबरोबर कडा फोडणाऱ्या मजुरांची, डब्यांमधल्या जागेत उभं राहून हातानं ब्रेक लावणाऱ्या ब्रेकमनची, वॉटर पाइप स्टेशनवर इंजिनाला पाणी देणाऱ्यांची जागाही राखा. पाट्या मराठीत, सोप्या मराठीत. भाग कापून आतली रचना दाखवणारा एखादा बॉयलर ठेवा. मुलांच्या उंचीवर. वाफेनं चाक कसं फिरतं ते हातानं फिरवून बघता येईल असं लाकडी मॉडेल ठेवा. व्हीलचेअर शेडमध्ये जाईल असा उतार करा. अण्णांना आता पायऱ्या चढताना त्रास होतो, आणि ज्यांना हे सगळं सर्वांत जास्त समजतं ते सगळे त्यांच्याच वयाचे आहेत.

आपल्या राज्यात नागपूरला मोतीबाग इथे नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे, ते आता दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. सातपुड्याच्या एके काळच्या विशाल नॅरोगेज जाळ्याची आठवण तिथे जपली आहे. पण त्याच्या दाराशी आता नॅरोगेजची लाइन उरलेली नाही. मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडीही थांबली आहे. संग्रहालय आहे पण रूळ नाहीत, किंवा रूळ आहेत पण गाडी नाही, अशी सगळीकडे स्थिती. एकट्या नेरळला दोन्ही आहेत. चालती लाइन, शेड, जुनं इंजिन, खाली लोकल स्टेशन आणि वर मोटार नसलेलं गाव. दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये, कालका-शिमल्याला २००८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. माथेरान अजून संभाव्य यादीतच आहे. पहिल्या तीनही लाइनींवर निदान काही फेऱ्यांसाठी वाफेचं इंजिन पेटतं. मान्यतेसाठी म्हणून नव्हे, पण हे लक्षात असावं.

तुमच्याकडून मला लगेच होकार नको आहे. तीन गोष्टींचं उत्तर मात्र हवं आहे आणि ते जाहीर मिळालं तर बरं. नेरळच्या वाफेच्या इंजिनांपैकी कुठलं इंजिन दुरुस्त होऊन चालू शकेल, याची तपासणी परळ किंवा गोल्डन रॉकच्या तज्ज्ञांकडून तुम्ही करून घ्याल का? नेरळ-जुम्मापट्टी टप्प्यावर तेलाच्या इंजिनाची चाचणी या हिवाळ्यात घ्याल का? आणि निवृत्त वाफ-कामगारांची एक बैठक येत्या दिवाळीनंतर नेरळला बोलवाल का?

तिसऱ्याला खर्च फक्त चहाचा येईल, म्हणून ती आधी करा. अण्णा येतील. कुर्डुवाडीचे त्यांचे आणखी काही सोबती येतील, त्यांच्याशी माझं फोनवर बोलणं झालंय. एकाकडे बार्शी लाइनच्या वेळची कामाची वही अजून आहे, ती तो घेऊन येणार आहे. तारीख कळवा, आम्ही बदलापूरहून सकाळच्या कर्जत लोकलनं पोचतो.

आपली विश्वासू,
बदलापूरची एक प्रवासी

प्रत: पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन